एका पुस्तकाला एकच कार्ड

तिचं पुस्तक वाचनालयात कधी जागेवर नसायचं, कारण ते सतत कुणाच्या ना कुणाच्या घरी असायचं. माझं पुस्तक कायम जागेवर असायचं, कारण ते कुणी नेतच नव्हतं. दोन्ही पुस्तकं भाज्यांचीच. दोन्ही परभणीच्या एकाच छापखान्यात, एकाच हिवाळ्यात छापलेली. आणि आम्ही दोघी पूर्णेच्या एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवणाऱ्या बाई. मधल्या सुट्टीत एका बाकावर बसून डबा खाणाऱ्या. एवढं सगळं सारखं असताना फरक नेमका कुठं पडला, हे कळेपर्यंत माझ्या पोटात जे दुखायचं त्याला मत्सर हाच शब्द आहे. मी तो उगाच सौम्य करून सांगणार नाही.

ती मोठ्या बागाईतदाराच्या घरची सून. अंगावर सुती साडी, पण परीटघडीची. मी रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारी, मालधक्क्यावरच्या कारकुनाची बायको. तिनं पुस्तक लिहिलं ते सासूच्या आग्रहानं, असं ती सांगायची. मी लिहिलं ते माझ्या मायसाठी. माय आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली, आणि संध्याकाळी पदराच्या ओट्यात जे हिरवं घेऊन यायची त्यावर आम्ही भावंडं वाढलो. घोळ, चिवळ, कुंजीर, तरोटा, पाथरी. कोणतं पान कोवळं असताना घ्यायचं, कशाचं देठ टाकायचं, काय शिजवायचं आणि काय भाकरीसोबत कच्चंच खायचं, हे तिनं मला सांगितलं नाही. निवडता निवडता मी पाहिलं. माय गेल्यावर एकदा तरोटा निवडायला बसले आणि जून पान ओळखताना क्षणभर अडखळले, तेव्हा भीती वाटली. त्या भीतीतून पुस्तक झालं. नावही साधं ठेवलं, मुखपृष्ठावर ठळक अक्षरात पालेभाज्या असंच छापलं, म्हणजे घोटाळा नको.

छापखान्याचे मालक पुस्तकं छापायचे आणि जिल्ह्यातल्या वाचनालयांना विकायचेही. मी दुसरं पुस्तकही वहीत लिहून ट्रंकेत तयार ठेवलं होतं, उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवायच्या भाज्यांचं. ते वाचायला देखील त्यांनी हातात घेतलं नाही. पहिल्याला वाचनालयांतून मागणी आली की दुसरं घेऊ, मागणी नसली तर कागद वाया घालवण्यात अर्थ नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांचं चूक नव्हतं. पण त्या दिवसापासून माझा सगळा जीव आमच्या गावच्या वाचनालयात अडकला. माझं पुस्तक तिथून कुणीतरी न्यावं, परत करावं, पुन्हा कुणीतरी न्यावं. नाहीतर मायचा निम्मा स्वयंपाक ट्रंकेतच राहणार होता.

आणि नेलं जात होतं तिचं.

शाळेतल्या बाया तिच्या पुस्तकातली भरली दोडकी करून डब्यात आणायला लागल्या. मुख्याध्यापिका बाईंनी तर पालकसभेत तिचं कौतुक केलं. माझ्याबद्दल त्यांनी, आमच्या ह्या बाईंनी पण काहीतरी लिहिलंय, एवढं म्हटलं. काहीतरी! मी टाळ्या वाजवल्या. तिच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिनं पेढे वाटले आणि माझ्या हातावर आठवणीनं दोन ठेवले. ते मी खाल्ले आणि छान आहेत म्हटलं.

मग मी नवऱ्याला पाठवून तिचं पुस्तक वाचनालयातून आणवलं. विकत घ्यायची माझी तयारी नव्हती. मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची दाटी झाली होती, दुसरा कागद चिकटवावा लागला होता. कुणाच्या तरी हळदीचं बोट एका पानावर उमटलेलं होतं. त्या पिवळ्या डागाचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या दागिन्यांचाही कधी वाटला नाही. चुका शोधायच्या म्हणूनच मी वाचायला बसले होते, आणि एक सापडली. हरभऱ्याचा पाला दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावा, असं तिनं लिहिलं होतं. हरभऱ्याचा पाला धुवायचा नसतो. त्याच्या पानावर आंबट खाराची आंब असते, सगळी चव तिच्यातच. धुतला की उरतो नुसता चोथा. आमच्याकडं थंडीच्या दिवसांत बाया शेंडे खुडायला जायच्या तेव्हा माय पाला आणून फडक्यावर पसरायची, झटकायची, आणि तसाच कढईत टाकायची. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, हिला हरभरा कळत नाही.

पण हरभरा न कळणाऱ्या बाईचं पुस्तक गावभर फिरत होतं, आणि माझं कपाटात.

कारणं शोधण्यात मी हुशार आहे. आधी वाटलं, वाचनालयानं पार्सलच फोडलं नसेल. नवऱ्याला चौकशीला पाठवलं, तर शिपायानं सांगितलं की पार्सल फोडलं, पुस्तक दाखल झालं, शिक्का बसला. मग वाटलं, मुखपृष्ठ फिकं आहे, तिच्या पुस्तकावर कसं रंगीत वांगं आहे. मग वाटलं, भाज्यांचं एक पुस्तक असताना दुसरं सारखंच कशाला, म्हणून ग्रंथपालांनी मागं टाकलं असेल. शेवटी वाटलं ते सगळ्यात वाईट, की तिनंच काहीतरी केलं असेल. बागाईतदाराची सून, वाचनालयाच्या कमिटीत तिचे दीर. एका मधल्या सुट्टीत तिनं सहज म्हटलं होतं की बाई, मी तुमचं पुस्तक शोधलं वाचनालयात, मला मिळंना. मी हसून विषय बदलला. घरी येऊन मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मिळंना म्हणे! हे असं मीठ चोळायची काय गरज होती?

आमच्या वाचनालयाची रीत सांगायला हवी. कपाटांपर्यंत वाचकाला जाता येत नसे. दारात शिरलं की एक लाकडी पेटी, तिला कप्पे, कप्प्यांत विषयवार कार्डं. आपण आपल्या विषयाचा कप्पा ओढायचा, कार्डं चाळायची, हवं त्या पुस्तकाचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि शिपायाच्या हातात द्यायचा. तो आतून पुस्तक आणायचा. जे कार्ड बोटाखाली आलं नाही ते पुस्तक वाचकाच्या लेखी जगातच नव्हतं. मोठ्या वाचनालयांत म्हणे एका पुस्तकाची तीन कार्डं असायची, लेखकाचं, नावाचं, विषयाचं. आमच्याकडं एका पुस्तकाला एकच. कार्डं औरंगाबादहून यायची, आणि ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आंदोलन पेटलं की एसटी बंद, शाळा बंद, सगळंच बंद. तेव्हापासून ग्रंथपालांनी कार्डं जपून वापरायचा नियम केला होता, आणि नंतर सगळं सुरळीत झालं तरी नियम मोडला नाही.

मी स्वतः कार्डं चाळायला इतके दिवस का गेले नाही, असं कुणी विचारेल. कसं जाणार? आपलंच पुस्तक शोधताना कुणी पाहिलं असतं तर मी मेल्याहून मेल्यासारखी झाले असते. शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वाचनालयात कुणी नसतं अशा वेळी गेले. पाककलेचा कप्पा ओढला. तिचं कार्ड सगळ्यात पुढं, कोपरे मळून काळे झालेले. तिच्यामागं लोणची, मुरंबे, आजाऱ्यांचा आहार, दिवाळीचे पदार्थ. मी दोनदा चाळलं. माझं कार्ड नव्हतं. म्हणजे तिला खरंच मिळालं नव्हतं. हे कळल्यावर मला तिच्याविषयी बरं वाटायला हवं होतं, तर उलट चीड आली. निदान तिचा दोष असता तरी चाललं असतं.

ग्रंथपाल वयस्कर, सज्जन माणूस. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. मी चाचरत विचारलं तर त्यांचा चेहरा फुलला. ते खुर्चीवरून उठले, स्वतः मला पेटीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले.

"बाई, तुमचं पुस्तक असं कुठंबी कसं टाकू? लय मानानं ठिवलंय आमी."

त्यांनी एक नवा कप्पा ओढला. पाटी ताजी होती, दलित साहित्य. आत आत्मचरित्रं, कविता, भाषणं, आणि त्यांच्यामधे माझ्या पालेभाज्या.

ते आनंदानं सांगत होते. हा कप्पा करायला कमिटी तयार नव्हती. गावातलं वातावरण बिघडेल, असं काहींचं म्हणणं होतं. त्यांनी राजीनामा द्यायची तयारी ठेवली तेव्हा कुठं परवानगी मिळाली. मग या कप्प्यात काय काय लावता येईल म्हणून त्यांनी दाखल झालेली पुस्तकं काढली, लेखकांची नावं बघितली, आणि आपल्याच गावची एक लेखिका सापडली म्हणून त्यांना केवढा अभिमान वाटला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी माझं आडनाव वाचलं होतं आणि तिथंच थांबले होते. त्याखाली काय छापलंय ते बघायची त्यांना गरज वाटली नव्हती.

एकदाच गेलं होतं पुस्तक बाहेर. परभणीचे एक प्राध्यापक या विषयावर काही लिहीत होते, त्यांनी नेलं. परत करताना त्यांनी ग्रंथपालांना सांगितलं होतं की लेखिकेनं आपल्या जगण्यातलं दाहक वास्तव टाळलंय. ग्रंथपालांनी मला हे अगदी हळुवारपणे सांगितलं, वाईट वाटू नये म्हणून. टाळलंय! त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर माझी माय खुरपं घेऊन बसली होती. ओटा सोडून भाजी जमिनीवर ओतत होती. ते त्यांना दिसलं नाही, कारण ते रडत नव्हतं. आणि ज्यांना दिसलं असतं, ज्या बायांना संध्याकाळी काय शिजवावं हा प्रश्न पडतो, त्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून हरभरा धुवायला शिकत होत्या.

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते असं. तिच्या आडनावावरून तिचं पुस्तक कुणी जमीनदारी साहित्यात लावलं नव्हतं. तिची भाजी ती भाजी. तिला नुसती बाई असण्याची मुभा होती, नुसती सुगरण. त्या मुभेचा मला हेवा वाटला. दागिन्यांचा, पेढ्यांचा, दुसऱ्या आवृत्तीचा हेवा त्यापुढं काहीच नव्हता.

मी म्हटलं, माझं कार्ड पाककलेत लावा. ग्रंथपालांचा चेहरा उतरला. आम्ही कमिटीशी भांडून कप्पा केला आणि तुम्हीच त्यातून निघायचं म्हणता, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांनी कप्पा आत ढकलला तो इतक्या हळू की मला ते ऐकू आलं. विचार करून सोमवारी या, म्हणाले.

घरी आणखी अवघड. नवरा नामांतराच्या मोर्चांत पुढं असायचा, लाठ्या खाऊन आलेला माणूस. त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"त्यो कप्पा काय फुकट मिळाला न्हाई आपल्याला," तो म्हणाला. "उद्या लोक म्हणतील, हिला लाज वाटायलीय."

"लाज न्हाई वाटत," मी म्हटलं. "पण ज्याला भाजी करायची हाय त्यानं ती कुठं शोधायची, ते सांगा."

त्यानं ताट पुन्हा पुढं ओढलं. त्याचंही बरोबर होतं. त्या कप्प्यात माझं कार्ड असणं हे कुणाच्या तरी डोक्यावरच्या टाक्यांनी मिळालेलं होतं. ते काढून घ्यायला माझा हात खरंच धजत नव्हता. पण तिथंच ठेवलं तर मायच्या वाळवलेल्या भाज्या ट्रंकेत. एका पुस्तकाला एकच कार्ड.

सोमवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत तिनं विचारलं काय झालं, आणि कुणास ठाऊक का, मी सांगून टाकलं. बहुतेक तिला दुखवायलाच सांगितलं. तुमचं कसं सोपं आहे, हे ऐकवायचं होतं मला. ऐकताना ती बिचारं तोंड करील, असं मला वाटलं होतं, आणि तसं केलं असतं तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. तिनं डबा बंद केला आणि म्हणाली, शाळा सुटल्यावर मी येते तुमच्यासोबत.

नको म्हटलं तरी आली. ग्रंथपालांसमोर तिनं बागाईतदाराच्या सुनेचा आवाज लावला नाही, बाईंचा लावला, वर्गात लावतो तो. कार्डं कमी आहेत हे मला माहीत आहे, म्हणाली. बाईंचं कार्ड आहे तिथून हलवू नका, ती जागा त्यांची आहे. पण माझ्या कार्डाची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर बाईंचं पुस्तक लिहा.

ग्रंथपालांना ते पटलं. नियम मोडत नव्हता, कार्ड खर्च होत नव्हतं, कप्पाही रिकामा होत नव्हता. त्यांनी टाक घेतला आणि मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव, पुस्तकाचं नाव, नंबर तिच्या कार्डाच्या पाठीवर लिहिला. नवऱ्याचीही मग हरकत उरली नाही. सगळ्यांचं समाधान झालं, माझं सोडून. गावातल्या साऱ्या पेटीत मला जागा मिळाली ती नेमकी तिच्या मागं! आणि कार्ड उलटून बघतं कोण? पुढचा आठवडाभर मी रोज काहीतरी निमित्त काढून जात होते. कार्ड सुलटंच असायचं. पुस्तक जागेवर.

मग एके दिवशी कार्डाच्या पुढच्या बाजूला, तिच्या नावाखाली, लाल शाईत एक ओळ दिसली. शाळेच्या फळ्यावर मी रोज बघायचे तेच वळणदार अक्षर. रानभाज्यांसाठी मागे पाहा. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. हरभऱ्याचा पाला धुऊ नये, माझे चुकले आहे, त्यांचे पाहा.

म्हणजे तिनं माझं पुस्तक नेलं होतं, वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी डब्यात हरभऱ्याची भाजी आणली आणि माझ्या पुढं सरकवली. आंबूस, बरोबर जमलेली. मला मनापासून वाईट वाटलं. मोठं मन दाखवायची संधीसुद्धा तिनंच पटकावली होती, आणि आता तिच्यावर धड चिडताही येणार नव्हतं.

त्यानंतर बाया कार्ड उलटायला लागल्या. माझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावर एकापाठोपाठ एक शिक्के पडले. थंडीत तर ते जागेवर मिळेना म्हणून एकीनं माझ्याशी घरी येऊन तक्रार केली, आणि त्या तक्रारीवर मी आठवडाभर तरंगत होते. ग्रंथपालांनी छापखान्याला आणखी प्रती पाठवायचं पत्र लिहिलं. त्यांचं बघून गंगाखेडच्या वाचनालयानं लिहिलं. छापखान्याच्या मालकांनी ट्रंकेतली वही मागवून घेतली.

वाळवणाच्या भाज्यांचं पुस्तक हातात आलं तेव्हा मी पहिली प्रत घेऊन वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी घेतली, मुखपृष्ठावरचं नाव वाचलं, आणि एक नवं कोरं कार्ड पुढं ओढलं. टाक दौतीत बुडवून मग थांबले. पेटीच्या एका टोकाकडं बघितलं, दुसऱ्या टोकाकडं बघितलं.

"बाई, हे कुठं लावू?"

"आधी उघडून बघा," मी म्हटलं.

त्यांनी टाक खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. मी समोरच उभी राहिले. ते अंबाडीपर्यंत आले तेव्हा त्यांच्या बायकोनं गच्चीवर काय काय वाळत घातलंय ते सांगायला लागले. दारात ती येऊन उभी होती, माझ्या शेजारच्या वर्गाची बाई, हातात चिठ्ठी. माझ्या पुस्तकाचा नंबर अजून पडलाही नव्हता, आणि तिला ते सगळ्यांच्या आधी हवं होतं.